बाबांना एएफ निघालंय, गोळ्या चालू आहेत, पण या सप्लिमेंटच्या डब्यांचं काय करू?

जास्वंद_ठाणे | सोमवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय कारण डोक्यात फार गोंधळ झालाय.

माझे बाबा ६८ वर्षांचे. बीपी पंधरा वर्षांपासून, शुगर बॉर्डरवर. आम्ही वर्तकनगरला राहतो, बाबा रोज सकाळी उपवन तलावाला फेऱ्या मारतात. गेल्या महिन्यात एक दिवस अर्ध्या फेरीतच बाकावर बसले, म्हणाले छातीत कबुतर फडफडतंय. दुखत वगैरे नव्हतं. घरी येऊन बीपीचं मशीन लावलं तर पल्स एकदा १३८, लगेच परत लावलं तर १०४, मग १५१, आणि मशीनवर ते हार्टचं चिन्ह लुकलुकत होतं ज्याकडे आम्ही इतकी वर्षं कधी लक्षच दिलं नव्हतं. ईसीजी काढला, एट्रिअल फिब्रिलेशन, म्हणजेच एएफ, हृदयाचे ठोके अनियमित पडतात. टू-डी इको केला, व्हॉल्व्ह चांगले आहेत, डावा वरचा कप्पा थोडा मोठा झालाय. थायरॉइड नॉर्मल. आता रक्त पातळ करायची अपिक्साबॅन ५ सकाळ-संध्याकाळ, मेटोप्रोलॉल, आणि बीपीची जुनी टेल्मिसार्टन.

इथपर्यंत ठीक होतं. पण बाबांचा वॉकिंगचा ग्रुप आहे नऊ जणांचा, आणि प्रत्येकाकडे काहीतरी इलाज आहे. दोन आठवड्यांत आमच्या डायनिंग टेबलवर काय काय आलंय बघा: मॅग्नेशियम, फिश ऑइलच्या कॅप्सूल दिवसाला चार, अर्जुनाच्या सालीची पावडर, हळदीचा अर्क असलेल्या कॅप्सूल, अश्वगंधा, को-क्यू-टेन. आई म्हणते हे सकाळी इतक्या गोळ्या खातात की मी पोहे करायचेच बंद करते.

काल ब्रश करताना हिरडीतून थोडं रक्त आलं. तर बाबा म्हणाले ही रक्त पातळ करायची गोळीच नको, त्यापेक्षा फिश ऑइल आणि हळद पण रक्त पातळच करतात ना, ते नैसर्गिक आहे. तेव्हापासून मला झोप नाहीये. कुणाच्या घरी एएफ असेल तर प्लीज सांगा, तुम्ही रोजचं कसं सांभाळता, आणि यातलं काय घेतलं तर चालतं?

कोपरी_लोकल | सोमवार, रात्री १०:५८

अपिक्साबॅन बंद करू देऊ नका. बाकी सगळं नंतर बोलू.

नेरूळ_सेक्टर२० | सोमवार, रात्री ११:२५

ताई, कोपरीवाल्यांनी एका ओळीत सांगितलं, मी लांब सांगतो, कारण आमच्या घरी हे झालंय.

माझ्या वडिलांना एएफ होतं, तेव्हा वय ७१. त्यांना काहीच त्रास नव्हता, धडधड नाही दम नाही, दुसऱ्या कशासाठी तरी ईसीजी काढला त्यात सापडलं. त्यामुळे त्यांना ते कधी खरं वाटलंच नाही. दाढ काढायची होती, कुणीतरी सांगितलं गोळी बंद करून या, यांनी केली. दाढ निघाली. मग गोळी परत कधी चालू करायची ते कुणी सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही, मी इथे हात जोडून सांगतो की आम्हीही विचारलं नाही. त्यांना वाटलं बरंच झालं एक गोळी कमी झाली. पाच आठवड्यांनी सकाळी चहाचा कप हातातून पडला. उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. आज तीन वर्षं झाली, काठी घेऊन चालतात, बोलणं अर्धं आलंय, माझ्या मुलीचं नाव घेताना अजून अडकतात.

हिरडीतलं रक्त दिसतं. मेंदूत जाणारी गुठळी दिसत नाही. बाबांना माझी ही पोस्ट वाचून दाखवा हवं तर.

जास्वंद_ठाणे | सोमवार, रात्री ११:३१

दादा, काय बोलू कळत नाहीये. उद्या सकाळी नक्की वाचून दाखवते.

ऐरोली_फिजिशियन | मंगळवार, सकाळी ७:१०

मी एमडी मेडिसिन आहे, हृदयरोगतज्ज्ञ नाही, तरी रोज पाच-सहा एएफवाले पेशंट बघते. इथे वाचून कुणी औषध बदलू नका, पण कारण समजलं की गोळी घेणं सोपं जातं म्हणून लिहितेय.

एएफमध्ये हृदयाचे वरचे दोन कप्पे नीट आकुंचनच पावत नाहीत, मिनिटाला तीनशेच्या वर वेगाने नुसते थरथरतात. डाव्या वरच्या कप्प्याला पिशवीसारखा एक कोपरा असतो, तिथे रक्त साचून राहतं, आणि साचलेल्या रक्ताची गुठळी होते. ती सुटली की बऱ्याचदा थेट मेंदूकडे. एएफ असलेल्या माणसाला पक्षाघाताचा धोका साधारण पाच पट असतो, अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅमच्या अभ्यासातून हे १९९१ सालीच समोर आलंय.

म्हणून आम्ही दोन वेगळी कामं करतो आणि लोक त्यांची गल्लत करतात. एक काम म्हणजे ठोके आवाक्यात ठेवणं, ते मेटोप्रोलॉल करतंय. दुसरं काम गुठळी होऊ न देणं, ते अपिक्साबॅन करतंय. ठोके छान झाले, धडधड थांबली, याचा अर्थ गुठळीची भीती संपली असा होत नाही. गोळी कुणाला द्यायची ते धडधडीवरून ठरत नाही, वय, बीपी, शुगर, आधीचा पक्षाघात, हार्ट फेल्युअर, रक्तवाहिन्यांचा आजार यांना गुण देऊन ठरतं. बाबांचे वयाचा एक आणि बीपीचा एक असे दोन गुण होतात, म्हणजे गोळी हवीच.

आता हळद आणि फिश ऑइल. त्यांनी एएफमधला पक्षाघात टळतो असं कुठल्याही अभ्यासात दिसलेलं नाही. अहो, ॲस्पिरिनसुद्धा इथे पुरत नाही. २०११ साली अपिक्साबॅन आणि ॲस्पिरिनची साडेपाच हजार लोकांमध्ये थेट तुलना झाली होती, ॲस्पिरिनच्या बाजूला पक्षाघात वर्षाला ३.७ टक्के, अपिक्साबॅनच्या बाजूला १.६. आणि मोठा रक्तस्राव दोन्हीकडे जवळपास सारखाच. जिथे ॲस्पिरिन हरली तिथे हळदीच्या कॅप्सूलवर मी माझ्या वडिलांचा जीव टाकणार नाही.

हिरडीसाठी मऊ ब्रश, दातांच्या डॉक्टरांना दाखवा, बऱ्याचदा हिरड्याच सुजलेल्या असतात आणि गोळीमुळे ते लक्षात येतं इतकंच. पण शी काळी डांबरासारखी झाली, लघवीतून रक्त आलं, नाकातलं रक्त थांबेना, किंवा डोक्यावर पडले, तर लगेच हॉस्पिटल. डोक्यावर पडल्यावर बरं वाटत असलं तरी जायचं.

खारघर_हिल्स | मंगळवार, सकाळी ९:०२

मॅडमचं सगळं मान्य, पण सप्लिमेंटला सरसकट झोडपू नका अशी विनंती. मी ५४, मला येणारं-जाणारं एएफ आहे, म्हणजे अधूनमधून होतं आणि आपोआप थांबतं. महिन्याला चार एपिसोड व्हायचे, एकदा तर ट्रान्स हार्बरच्या गाडीत तुर्भ्याला उतरून प्लॅटफॉर्मवर आडवा पडलो होतो. दोन वर्षांपासून मॅग्नेशियम घेतोय रात्री झोपताना. आता दोन महिन्यांतून एखादा. माझा स्वतःचा अनुभव आहे, ऐकीव नाही.

घंटाळी_केमिस्ट | मंगळवार, सकाळी ११:४०

माझं नौपाड्यात मेडिकल आहे, तिसावं वर्ष चालू आहे. डॉक्टर नाही, पण काउंटरच्या या बाजूने खूप दिसतं.

जास्वंद ताई, डब्यांची यादी वाचली आणि तुमच्या काळजीत भर घालायची नाहीये, पण त्यातल्या काही गोष्टी एकमेकांवर चढतात. हळदीचा अर्क, आणि तुमच्या यादीत नसले तरी लसणाच्या कॅप्सूल, जिंकोच्या पानांचा अर्क, हे सगळे रक्तस्रावाच्या बाजूला झुकतात, वर अपिक्साबॅन आहेच. भाजीतली हळद हा विषयच नाही, ती खा खुशाल, प्रश्न अर्काच्या कॅप्सूलचा आहे. अश्वगंधेने काही जणांचं थायरॉइड वर जातं, आणि वाढलेलं थायरॉइड हे स्वतःच एएफचं एक कारण आहे, म्हणजे ज्या आजारासाठी घेतोय त्यालाच खतपाणी.

आणि यादीत नसलेल्या दोन गोष्टी, कारण त्या घरात कुणी औषध म्हणून मोजतच नाही. पहिली, अंगदुखीची गोळी. डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन वगैरे. गुडघा दुखला की शेजारच्या काकांकडून घेतात. रक्त पातळ करायच्या गोळीसोबत ही पोटात रक्तस्राव करू शकते, दुखलं तर पॅरासिटामॉल, तेही विचारून. दुसरी, सर्दीची गोळी. नाक मोकळं करणारं जे औषध त्यात असतं त्याने ठोके वाढतात. ज्येष्ठमधाच्या कांड्या रोज चघळणारे पण असतात, त्याने पोटॅशियम उतरतं, आणि पोटॅशियम उतरलं की ठोके बिघडतात.

मी माझ्या गिऱ्हाइकांना एकच सांगतो, डॉक्टरांकडे जाताना सगळे डबे पिशवीत भरून न्या. तोंडी सांगताना माणूस अर्धं विसरतो.

वाशी_मोगरा | मंगळवार, दुपारी १:१५

पिशवीची आयडिया फार आवडली, आईच्या पुढच्या व्हिजिटला नेणार.

माझ्या आईची गोष्ट थोडी वेगळी आहे म्हणून लिहिते. तिला लहानपणी सांधेदुखीचा ताप आला होता, त्यात मायट्रल व्हॉल्व्ह अरुंद झाला, आणि चाळिशीनंतर एएफ. तिला या नवीन गोळ्या चालत नाहीत, रक्त पातळ करायची जुनी गोळी असिट्रॉमच घ्यावी लागते आणि दर महिन्याला आयएनआर, म्हणजे रक्त किती पातळ झालंय ती टेस्ट, तो दोन ते तीनच्या मध्ये ठेवायचा. मी किती वेळा डॉक्टरांना म्हटलं ती नवीन गोळी द्या ना, टोचून टोचून हात काळा झालाय तिचा.

सुरुवातीला तर पालेभाज्या बंद करायला सांगितलं होतं कुणीतरी, आई चार महिने मेथी-पालकाशिवाय राहिली, कोथिंबीरसुद्धा वेचून काढायची. नंतरच्या डॉक्टरांनी समजावलं की बंद नाही करायच्या, रोज साधारण सारख्याच खायच्या. एक आठवडा शून्य आणि मार्गशीर्षात चार दिवस सलग पालेभाजी, असं केलं की आयएनआर वरखाली होतो. आता आठवड्यातून तीनदा ठरलेली भाजी, आई खूश, आयएनआर पण बऱ्यापैकी सरळ.

जास्वंद, तुझ्या बाबांच्या अपिक्साबॅनला हे भाजीचं बंधन नाही, त्यांना अळूचं फदफदं खाऊ दे पोटभर.

ऐरोली_फिजिशियन | मंगळवार, दुपारी ३:५०

मोगरा, तुझ्या आईच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. संधिवाताच्या तापाने व्हॉल्व्ह अरुंद झालेल्या लोकांवर २०२२ साली मोठा अभ्यास आला, आशिया, आफ्रिका, लॅटिन अमेरिकेतले ४५०० हून जास्त पेशंट, आपल्याकडचेही होते. त्यात नवीन गोळीपेक्षा जुन्याच गटातली गोळी घेणारे जास्त जगले. धातूचा व्हॉल्व्ह बसवलेल्यांनाही जुनीच. त्यामुळे शेजारणीला चालली म्हणून गोळी बदलून मागू नये. आणि आईला को-क्यू-टेन कुणी दिलं तर आधी विचार, त्याने असिट्रॉमचा असर कमी होऊ शकतो.

तलावपाळी_संध्याकाळ | मंगळवार, संध्याकाळी ६:२०

आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर आलं होतं की रक्त पातळ करायची गोळी म्हणजे उंदीर मारायचं औषध आहे. तेव्हापासून आमच्या हिने तिच्या भावाची गोळी बंद करायचा धोशा लावलाय. हे खरं आहे का?

घंटाळी_केमिस्ट | मंगळवार, संध्याकाळी ७:०५

अर्धं खरं आहे, आणि तेच जास्त घात करतं. वॉरफरीन हे रक्त पातळ करायचं जुनं औषध अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठात सापडलं. सडलेला गोड चारा खाऊन गुरं रक्तस्रावाने मरायची, त्याचं कारण शोधताना. १९४८ साली उंदरांसाठी विकायला आलं हे खरं, पण १९५४ पासून माणसांना देतात आणि १९५५ मध्ये अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांना हार्ट अटॅकनंतर तेच दिलं होतं. मात्रा किती आणि मोजमाप कसं यावर सगळं आहे. मीठसुद्धा वाटीभर खाल्लं तर माणूस जगत नाही. आणि अपिक्साबॅन हे तर वेगळंच औषध, त्याचा उंदराशी काही संबंध नाही. वहिनींना सांगा.

तलावपाळी_संध्याकाळ | मंगळवार, संध्याकाळी ७:१२

राष्ट्राध्यक्षांचं नाव सांगितल्यावर ही गप्प झाली. धन्यवाद.

घोडबंदर_५२ | मंगळवार, रात्री ९:३०

कुणी ॲब्लेशनचं बोललं नाही म्हणून लिहितो. माझं वय नावातच आहे. दोन वर्षं गोळ्यांवर काढली, ठोके आवाक्यात होते पण एएफ आलं की दोन मजले चढता यायचे नाहीत, ऑफिसात मीटिंगमध्ये बसल्या बसल्या घाम फुटायचा. मधे ॲमिओडॅरोन चालू केली, तिने ताल आला पण सात महिन्यांत थायरॉइड बिघडलं, बंद करावी लागली. ज्यांची चालू असेल त्यांनी थायरॉइड आणि लिव्हरच्या टेस्ट चुकवू नका.

मग गेल्या वर्षी ॲब्लेशन केलं. मांडीच्या शिरेतून वायर हृदयापर्यंत नेतात आणि फुफ्फुसाच्या शिरा जिथे डाव्या वरच्या कप्प्यात येतात तिथे गोल डाग देतात, म्हणजे तिथून निघणारे खोडकर करंट आत येत नाहीत. १९९८ मध्ये फ्रान्समधल्या बोर्दोच्या डॉक्टरांनी दाखवलं की एएफची सुरुवात बऱ्याचदा या शिरांमधूनच होते, तिथून हे सगळं सुरू झालं. मला दोन रात्री राहावं लागलं, पहिले दोन महिने मधूनमधून धडधड होती आणि मी खचलो होतो की पैसे वाया गेले, पण डॉक्टर म्हणाले होते पहिले काही आठवडे धरायचे नाहीत. आता अकरा महिने झाले, एकदाही नाही. येऊरला मामा-भाचे डोंगरावर जाऊन आलो.

पण खर्च लाखात गेला, इन्शुरन्स होता म्हणून निभावलं. आणि सगळ्यांना एकदाच पुरतं असं नाही, माझ्या बाजूच्या बेडवरचे गृहस्थ दुसऱ्यांदा करायला आले होते. रक्त पातळ करायची गोळी ॲब्लेशननंतरही चालू ठेवायची की नाही ते तुमच्या गुणांवरून ठरतं, ताल आला म्हणून आपल्या मनाने सोडायची नाही.

सानपाडा_पोरगी | मंगळवार, रात्री ९:४८

एक प्रश्न, हातातल्या स्मार्ट घड्याळावर भरवसा ठेवावा का? आजोबांना दिलंय, दिवसातून वीस वेळा बघतात आणि बघून बघूनच ठोके वाढतात.

ऐरोली_फिजिशियन | मंगळवार, रात्री १०:१५

ज्यात बोट लावून ईसीजीची पट्टी निघते ते कामाचं आहे, ती पट्टी सेव्ह करून डॉक्टरांना दाखवता येते, येणारं-जाणारं एएफ पकडायला खूप मदत होते. नुसता पल्सचा आकडा बघत बसू नका. आजोबांना वेळ ठरवून द्या, सकाळी एकदा आणि त्रास होईल तेव्हा, बाकी वेळ घड्याळ म्हणजे घड्याळ. आणि नाडी हाताने बघायला शिकवा, मनगटावर तीन बोटं, पूर्ण एक मिनिट.

खारघर_हिल्स, तुमच्या मॅग्नेशियमबद्दल. मी झोडपत नाहीये. मॅग्नेशियम किंवा पोटॅशियम कमी असेल तर एएफ सुटू शकतं, ते भरून काढलंच पाहिजे. कमी का झालं तेही बघायचं, लघवी करवणाऱ्या गोळ्यांनी होतं, आणि ॲसिडिटीची पॅन्टोप्रॅझोल वर्षानुवर्षं रोज घेतली तरी होतं, आपल्याकडे तर ती लोक चहाच्या आधी सवयीने घेतात. पण रक्तातलं मॅग्नेशियम चांगलं असताना वरून गोळ्या घेऊन एएफ थांबतं याला पुरावा तोकडा आहे, आणि किडनी कमजोर असेल तर ते साठतं, तेव्हा धोका. तुमचं क्रिएटिनिन बघितलंय का? आणि या दोन वर्षांत अजून काय बदललं?

खारघर_हिल्स | मंगळवार, रात्री १०:४४

क्रिएटिनिन ०.९, मॅडम. बदललं म्हणाल तर वजन ९२ होतं ते ८१ झालं. शनिवारची बिअर बंद केली, म्हणजे शनिवारची म्हणतो पण गुरुवारपासूनच चालू व्हायची. आणि बायको म्हणायची तुम्ही झोपेत श्वास थांबवता, तर स्लीप स्टडी केली, आता रात्री मशीन लावतो.

हे लिहिताना माझं मलाच कळलं की मी सगळं श्रेय त्या एका गोळीला देत होतो.

कोपरी_लोकल | मंगळवार, रात्री १०:५०

काका, अकरा किलो! ते आधी सांगायचं ना, मॅग्नेशियमवर काय चार ओळी लिहिल्यात.

ऐरोली_फिजिशियन | मंगळवार, रात्री ११:०८

काका, तुम्ही जे केलंत ना त्याला खरंच भक्कम पुरावा आहे. ऑस्ट्रेलियात ॲडलेडच्या लोकांनी २०१५ साली दाखवलं, वजन दहा टक्के किंवा जास्त उतरवून टिकवणाऱ्यांमध्ये एएफशिवाय राहण्याची शक्यता सहा पट. तुमचं बारा टक्के उतरलंय. दारूवर २०२० मध्ये ऑस्ट्रेलियातलाच अभ्यास, नियमित पिणाऱ्या १४० जणांपैकी निम्म्यांना सोडायला लावली, सहा महिन्यांत एएफ परत आलं ते पिणाऱ्यांमध्ये ७३ टक्के, सोडणाऱ्यांमध्ये ५३ टक्के. मॅग्नेशियम सोडा असं मी म्हणत नाही, तुमच्या डॉक्टरांना सांगून चालू ठेवा, पण वजन परत चढू देऊ नका.

फिश ऑइलचंही सांगते कारण मूळ प्रश्नात आहे. याबाबतीत लोकांना धक्का बसतो. २५,००० हून जास्त लोकांना पाच वर्षांवर व्हिटॅमिन डी आणि ओमेगा थ्री देऊन बघितलं, २०२१ मध्ये निकाल आला, एएफ टाळायला दोन्हीचा उपयोग दिसला नाही. आणि दिवसाला एक ग्रॅमपेक्षा जास्त ओमेगा थ्रीचे जे अभ्यास झालेत ते एकत्र केले तर एएफ उलट जास्त होताना दिसतं. बाबा दिवसाला चार कॅप्सूल घेतायत, त्यात प्रत्यक्ष ओमेगा थ्री किती ते डब्याच्या मागे बघा. बांगडा, पेडवे, रावस खायला काहीच हरकत नाही, ताटातला मासा आणि डब्यातलं तेल एक नव्हे.

कळवा_नाका | बुधवार, सकाळी ८:२०

मासे चालतात हे वाचून आमच्या घरातल्या दोन्ही एएफवाल्यांनी टाळ्या वाजवल्या. मामलेदारची मिसळ चालते का एवढं सांगून टाका म्हणजे आज सकाळीच निघतो.

घंटाळी_केमिस्ट | बुधवार, सकाळी ८:५५

महिन्यातून एकदा, तर्री कमी, आणि येताना चालत या.

बेलापूर_योगिनी | बुधवार, सकाळी ११:३०

सप्लिमेंटच्या यादीत योग धरता येईल का माहीत नाही पण मला सगळ्यात जास्त फरक त्याने पडला म्हणून लिहिते. मी ६१, एएफ चार वर्षं. सुरुवातीला भीतीच इतकी होती की घराबाहेर एकटी पडायची नाही, रात्री कानात ठोके ऐकत पडून राहायचे. एएफने मारलं नसतं पण त्या भीतीने मला घरात कोंडून टाकलं होतं. गोळ्या लावल्या, ठोके उतरले, भीती गेली नाही.

मग आयंगार पद्धतीचा वर्ग लावला, आठवड्यातून दोनदा. नंतर कळलं की २०१३ साली अमेरिकेत कॅन्ससच्या डॉक्टरांनी एएफच्या पेशंटना हाच, आपल्या पुण्याचा आयंगार योग आठवड्यातून दोनदा तीन महिने शिकवला होता, एपिसोड कमी झाले आणि चिंताही. छोटा अभ्यास होता, पन्नासच्या आसपास लोक. पण मला आकड्यांपेक्षा हे सांगायचंय की परवा मी एकटी लोकलने दादरला जाऊन आले. श्वास कोंडून धरायचे प्रकार मात्र शिकवणाऱ्यांना सांगून टाळते, आणि गोळी एकही सोडलेली नाही.

नेरूळ_सेक्टर२० | बुधवार, दुपारी १२:१०

योगिनी ताई, दादरचं वाचून फार बरं वाटलं.

पावसाळा तोंडावर आहे म्हणून दोन गोष्टी लक्षात ठेवा, आम्ही वडिलांसाठी दारावर चिकटवल्यात. एक, ताप आला तर डेंग्यू-मलेरियाची टेस्ट आणि प्लेटलेट पहिल्याच दिवशी, आणि डॉक्टरांना पहिलं वाक्य हेच सांगायचं की रक्त पातळ करायची गोळी चालू आहे, कारण प्लेटलेट उतरले तर गोळीचं काय करायचं ते त्यांना ठरवावं लागतं. दोन, पाकिटात चिठ्ठी, एएफ आहे, अमुक गोळी, इतक्या वाजता घेतो. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागले तर सकाळपर्यंत थांबायचं नाही, १०८ किंवा रिक्षा जे आधी मिळेल ते, आणि जिथे सीटी स्कॅन चोवीस तास असतो तिथेच. पक्षाघातात गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचा अर्धा वेळ बंद दवाखान्यांच्या दारात गेला.

वाशी_मोगरा | बुधवार, दुपारी २:४०

दादा, चिठ्ठी आजच लिहिते.

गोळ्यांच्या खर्चाचं पण कुणीतरी लिहा ना, माझी मावशी अपिक्साबॅन एक दिवसाआड घेते पैसे वाचवायला.

घंटाळी_केमिस्ट | बुधवार, दुपारी ३:१५

एक दिवसाआड अजिबात नाही! तिचा असर बारा तासांत उतरायला लागतो म्हणून तर दोनदा देतात, एक दिवसाआड म्हणजे निम्मा वेळ उघड्यावर. अपिक्साबॅनचं पेटंट २०२२ मध्ये संपलं, तेव्हापासून आपल्याकडे ढीगभर कंपन्या ती बनवतात आणि भाव खूपच खाली आलेत. मावशींना अजून जुनाच महागडा ब्रँड जात असेल. डॉक्टरांना सांगा परवडत नाही, लाजायचं काही नाही, ते स्वस्तातला लिहून देतील. जन औषधी केंद्रातही चौकशी करा. आणि एखादा डोस विसरला तर त्याच दिवशी आठवेल तेव्हा घ्यायचा, पुढच्या वेळी दोन एकदम घ्यायचे नाहीत.

जास्वंद_ठाणे | शनिवार, रात्री ९:२०

उशीर झाला लिहायला, पण सांगण्यासारखं घडलंय.

मंगळवारी सकाळी बाबांना नेरूळच्या दादांची पोस्ट वाचून दाखवली. बाबा काहीच बोलले नाहीत. आंघोळीला गेले, आले, आणि पाण्याचा ग्लास घेऊन अपिक्साबॅन घेतली माझ्यासमोर. मग म्हणाले त्या मुलीचं नाव अडकतं म्हणाला ना तो.

आज सगळे डबे पिशवीत भरून डॉक्टरांकडे नेले. डॉक्टरांनी एकेक बाहेर काढून टेबलावर मांडला आणि अजिबात हसले नाहीत, रागावले नाहीत, याचं मला फार बरं वाटलं. हळदीचा अर्क, अश्वगंधा, फिश ऑइल बंद. अर्जुनाच्या सालीबद्दल म्हणाले की आपल्याकडे फार जुनं औषध आहे, पण तुमच्या तीन गोळ्यांसोबत ती काय करते याचा मला नीट अंदाज नाही, म्हणून आत्ता नको. को-क्यू-टेन घेतलंत काय न घेतलंत काय, पैसे वाचवा. मॅग्नेशियमची रक्ताची टेस्ट केली, नॉर्मल आली, म्हणजे तेही नको. क्रिएटिनिन १.१, दर सहा महिन्यांनी बघायचं. झोपेत घोरण्याबद्दल मीच विचारलं खारघरच्या काकांमुळे, तर स्लीप स्टडी लिहून दिलीय. आणि म्हणाले एएफ नुकतंच सापडलंय तर ताल परत आणायचा प्रयत्न लवकर केलेला बरा, पुढच्या महिन्यात त्यावर बोलू.

हिरडीसाठी डेंटिस्टकडे सोमवारी जातोय. क्लीनिंगसाठी गोळी थांबवायची नाही असं डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहूनच दिलंय.

वॉकिंग ग्रुपमध्ये बाबांनी जाहीर केलंय की आता कुणी डबा दिला तर तो डॉक्टरांच्या टेबलावर जाणार. त्यातले एक काका मग हळूच बाजूला येऊन म्हणाले, माझी पण नाडी बघ रे जरा. बघितली, उड्या मारत होती. त्यांचा ईसीजी उद्या आहे.

कोपरी_लोकल | शनिवार, रात्री ९:३१

बाबांना माझा नमस्कार सांगा. आणि त्या काकांचं काय झालं तेही लिहा.

नेरूळ_सेक्टर२० | शनिवार, रात्री ९:५०

वडिलांना तुमची पोस्ट वाचून दाखवली. त्यांनी डावा हात वर केला.

पनवेल_सूनबाई | रविवार, सकाळी १०:०५

धागा पहिल्यापासून वाचला. सासूबाईंना अपिक्साबॅन नाही, रिव्हारोक्साबॅन २० आहे, दिवसातून एकदा, दुपारच्या जेवणानंतर घेतात. पण त्या संकष्टी धरतात, दिवसभर फक्त चहा आणि पाणी, त्या दिवशी गोळी उपाशीपोटीच घेतात. चालतं का?

ऐरोली_फिजिशियन | रविवार, सकाळी १०:४०

बरं झालं विचारलंत. ही गोळी अन्नासोबतच घ्यायची असते, उपाशीपोटी ती नीट शोषली जात नाही, म्हणजे घेऊनही तिचा बराच भाग वाया. त्यांच्या डॉक्टरांना विचारून वेळ कायमची रात्रीच्या जेवणावर आणा, म्हणजे संकष्टीलाही चंद्रोदयानंतरच्या जेवणासोबत जाईल आणि रोजच्या वेळेत फार फरक पडणार नाही. एकादशी असेल तर फराळ पोटभर करून मग. वेळ बदलताना दुपारवरून रात्रीवर कसं यायचं ते आपल्या मनाने नको, त्यांनाच फोन करा.

पनवेल_सूनबाई | रविवार, सकाळी ११:१५

आत्ताच फोन केला, बदलून दिली वेळ. सासूबाई विचारतायत रात्री मोदकांसोबत घेतली तर चालेल ना.

ऐरोली_फिजिशियन | रविवार, सकाळी ११:२२

आधी वरण-भात, मग मोदक, आणि मध्ये गोळी.